लोगो व्हॉट्सॲपवर, प्रेसवाला मागतोय ‘ओपन फाइल’ : बिटमॅपचं एसव्हीजी कसं करायचं?

सटाण्यात डाळिंबाच्या खोक्यावर नाव छापायचं असो, द्राक्षाच्या पॅकिंगवर स्टिकर लावायचं असो की मार्गशीर्षात देवमामलेदार यशवंतराव महाराजांच्या यात्रेसाठी दुकानाचा फ्लेक्स करायचा असो, प्रेसवाल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. “ओपन फाइल आहे का?”

आणि बहुतेकांचं उत्तरही ठरलेलं असतं. “व्हॉट्सॲपवर आहे, पाठवतो.”

इथेच सगळं अडतं. व्हॉट्सॲपवर असतो तो लोगोचा फोटो. प्रेसवाल्याला हवी असते लोगोची आखणी. ज्या डिझायनरने पाच-सात वर्षांपूर्वी लोगो केला तो गाव सोडून गेलेला असतो, नाहीतर त्याचा कॉम्प्युटर फॉरमॅट झालेला असतो. मग प्रत्येक प्रेसवाला आपापल्या पद्धतीने लोगो परत काढतो. एका खोक्यावर पान हिरवं, दुसऱ्यावर पोपटी, तिसऱ्यावर नावातला अनुस्वारच गायब. बागलाणातल्या एखाद्या शेतकरी गटाने स्वतःच्या नावाने माल बाहेर पाठवायचं ठरवलं, तर परराज्यातल्या खरेदीदाराच्या ओळखीचं असं त्या खोक्यावर फक्त ते चिन्हच असतं. तेच दर हंगामाला बदलत गेलं तर ओळख बसणार कशी?

यावर उपाय आहे आणि तो बराचसा फुकटात होतो. हातातल्या चित्राचं एसव्हीजी करायचं. पण ते करताना काय होतं, कुठे फसतं आणि कधी करूच नये, हे आधी समजून घेऊया.

बिटमॅप म्हणजे काय, व्हेक्टर म्हणजे काय?

जेपीजी, पीएनजी, मोबाइलचा फोटो, स्कॅन केलेला कागद, हे सगळे बिटमॅप. चित्राचे बारीक चौकोन पाडलेले असतात आणि प्रत्येक चौकोनाला एक रंग दिलेला असतो. या चौकोनाला पिक्सेल म्हणतात. अंगणातल्या ठिपक्यांच्या रांगोळीपेक्षा भरतकामाच्या जाळीसारखं हे काम आहे. लांबून चित्र दिसतं, जवळ गेलं की चौकडी दिसते.

व्हेक्टरमध्ये चौकोन नसतात. तिथे सूचना असतात. ‘या बिंदूवर मध्य धर, एवढी त्रिज्या घे, वर्तुळ काढ, आत लाल रंग भर.’ चित्र दोन इंचाचं हवं असेल तर कॉम्प्युटर त्याच सूचनेवरून दोन इंचाचं वर्तुळ काढतो, दहा फुटांचं हवं असेल तर दहा फुटांचं. कडा दोन्हीकडे तितकीच धारदार.

आकड्यात बघा. तुमचा लोगो ५०० पिक्सेल रुंद आहे. व्हिजिटिंग कार्डावर तो दोन इंच छापला तर एका इंचात २५० पिक्सेल येतात, छान दिसतो. खोक्यावर सहा इंच छापला तर इंचाला साधारण ८३ पिक्सेल उरतात, कडा मऊ पडते. तोच दहा फुटी फ्लेक्सवर ताणला तर इंचाला जेमतेम चार पिक्सेल. म्हणजे प्रत्येक पिक्सेल पाव इंचाचा चौकोन होऊन डोळ्यात भरतो.

व्हेक्टरमधल्या वक्ररेषा ज्या गणिताने काढतात त्यांना बेझिए वक्र म्हणतात. १९६०च्या दशकात रेनॉ या फ्रेंच मोटार कंपनीतले इंजिनिअर पिएर बेझिए यांनी गाड्यांच्या बॉडीचे आकार मांडण्यासाठी ही पद्धत पुढे आणली. सिट्रोएनमधले पॉल द कास्तेल्जो हेही त्याच वाटेने आधी गेले होते. आज तुमच्या मोबाइलवर दिसणारं प्रत्येक मराठी अक्षर याच प्रकारच्या रेषांनी बांधलेलं असतं. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी केलेला ‘मंगल’ फॉन्ट घ्या किंवा आत्ता तुम्ही वाचताय तो फॉन्ट घ्या, अक्षर कितीही मोठं केलं तरी फाटत नाही ते यामुळेच.

एसव्हीजी हेच नाव का ऐकू येतं?

व्हेक्टर फाइलचे प्रकार बरेच आहेत. कोरलड्रॉची सीडीआर, इलस्ट्रेटरची एआय, जुनी ईपीएस, आणि पीडीएफसुद्धा. यातल्या सीडीआर आणि एआय त्या-त्या सॉफ्टवेअरशी बांधलेल्या. एसव्हीजी मात्र कोणा एका कंपनीची नाही. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २००१ साली तिला मानक म्हणून मान्यता दिली. नावाचा अर्थच ‘हवं तेवढं लहान-मोठं करता येणारं व्हेक्टर चित्र’ असा आहे.

एसव्हीजी ही आतून साधी मजकुराची फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडली तरी वाचता येते. ब्राउझरला दिसते, इंकस्केपला उघडते, कोरल आणि इलस्ट्रेटरमध्येही घेता येते. म्हणून वेबसाइटपासून खोक्यापर्यंत एकच मूळ फाइल जपून ठेवायची असेल तर ती एसव्हीजी असावी.

प्रेसवाल्याला ती खरंच लागते का?

कामावर अवलंबून आहे. साधा फ्लेक्स मोठ्या जेपीजीवरही निघतो. पण पुढच्या कामांना रेषा लागतातच.

- रेडियम कटिंग : ट्रॅक्टरवरचं नाव किंवा दुकानाच्या काचेवरचा लोगो कापणाऱ्या प्लॉटरची सुरी रेषेवरून चालते. पिक्सेलवरून चालत नाही.
- स्क्रीन प्रिंटिंग : गोणी, पिशवी, टी-शर्ट. प्रत्येक रंगाची वेगळी फ्रेम करावी लागते, त्यामुळे रंग स्वच्छ वेगळे हवेत.
- खोक्याची छपाई : पुठ्ठ्याच्या खोक्यावर प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट बनते. कडेला मधल्या छटा आल्या की प्लेट घाण होते.
- लेझर आणि सीएनसी : ट्रॉफी, दारावरची पाटी, लाकडातलं कोरीव काम.

चित्राचं व्हेक्टर होतं म्हणजे नेमकं काय होतं?

या कामाला ट्रेसिंग म्हणतात. पूर्वी डिझायनर चित्रावर पारदर्शक कागद ठेवल्यासारखं कॉम्प्युटरवर हाताने एकेक रेष ओढायचा. आता प्रोग्राम ते करतो, आणि त्याच्या पायऱ्या साधारण अशा असतात.

आधी तो रंग कमी करतो. फोटोतल्या शेकडो हिरव्या छटांचा एकच हिरवा करतो. मग एका रंगाचा भाग कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ती हद्द शोधतो. ही हद्द पायऱ्या-पायऱ्यांची असते, तिच्यावर सरळ आणि वक्र रेषा बसवतो. शेवटी प्रत्येक बंद आकारात रंग भरतो.

या क्षेत्रातलं एक जुनं नाव म्हणजे पोट्रेस. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठातले गणितज्ञ पीटर सेलिंजर यांनी २००१ मध्ये तो बनवला. तो फक्त काळ्या-पांढऱ्या चित्रावर चालतो, पण इतका चोख की इंकस्केपसारख्या सॉफ्टवेअरने तोच आत घेतला. रंगीत चित्र असेल तर एकेक रंग वेगळा काढून थर लावले जातात.

एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रोग्रामला ‘हे डाळिंब आहे’ किंवा ‘हा अनुस्वार आहे’ असं कळत नाही. त्याला फक्त हद्दी दिसतात. फोटोत जे हरवलंय ते ट्रेसिंगने परत येत नाही.

कोणती साधनं वापरायची?

ब्राउझरमध्येच काम करणारी : फोटोपी या साइटवर इमेज मेन्यूत ‘व्हेक्टराइझ बिटमॅप’ हा पर्याय आहे. एसव्हीजीकोड हे पोट्रेसवर चालणारं साधन आणि व्हीट्रेसर हे रंगीत चित्रांसाठी चांगलं मुक्त साधन, दोन्ही फुकट. या तिन्हींत प्रक्रिया तुमच्याच कॉम्प्युटरवर होते, चित्र कुठे अपलोड होत नाही.

सर्व्हरवर काम करणारी : व्हेक्टरायझर डॉट एआय आणि व्हेक्टर मॅजिक ही नावाजलेली. निकाल बहुतेकदा चांगला येतो, पण फाइल डाउनलोड करताना पैसे मोजावे लागतात. निकाल आधी बघायला मिळतो, त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी झूम करून नीट तपासा.

कॉम्प्युटरवरचं : इंकस्केप हे फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर. पाथ मेन्यूत ‘ट्रेस बिटमॅप’. शिकायला एक दुपार जाते, पण नंतरची दुरुस्तीही इथेच करता येते. ज्यांच्याकडे कोरल आहे त्यांच्यासाठी त्यात पॉवरट्रेस आहेच.

लोगो एकच असेल तर ब्राउझरचं साधन आणि नंतर इंकस्केपमध्ये दुरुस्ती, एवढ्यावर काम भागतं.

आता करायचं कसं?

१. आधी जुनी पीडीएफ शोधा. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं. प्रेसने कधीतरी बिलबुकाचं किंवा लेटरहेडचं प्रूफ पीडीएफमध्ये पाठवलेलं असतं. ती उघडून लोगो खूप मोठा करून बघा. कडा धारदारच राहिली तर आत व्हेक्टर आहे! ती पीडीएफ इंकस्केपमध्ये उघडा, लोगो वेगळा करा, एसव्हीजी म्हणून सेव्ह करा. ट्रेसिंगची गरजच नाही.

२. नसेल तर सगळ्यात मोठं चित्र मिळवा. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान आणि दाबलेला होतो. मूळ फाइल असलेल्याला ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. फक्त छापील कार्ड उरलं असेल तर मोबाइलने फोटो काढण्यापेक्षा ६०० डीपीआयवर स्कॅन करून घ्या. सावली आणि तिरकेपणा दोन्ही वाचतात.

३. चित्र स्वच्छ करा. कडेचं जास्तीचं कापा, सरळ करा, पार्श्वभूमी पूर्ण पांढरी आणि रेषा गडद करा. इथे दिलेली दहा मिनिटं नंतरचा तास वाचवतात.

४. रंग मोजा. लोगोत लाल, हिरवा आणि काळा असेल तर रंगांची संख्या तीनच्या आसपास ठेवा. पांढरी पार्श्वभूमी काही साधनं चौथा रंग धरतात, ती नंतर काढून टाका. संख्या मोकळी सोडली तर साधन कडेच्या पुसट छटांनाही वेगळे रंग समजतं आणि प्रत्येक आकाराला झालर लागते.

५. ठिपके काढायचा पर्याय कमी ठेवा. प्रत्येक साधनात बारीक डाग वगळायची सोय असते. इंग्रजी लोगोला ती बरी. मराठीला का नाही, ते पुढे येतंच आहे.

६. गुळगुळीतपणा बेताचा ठेवा. जास्त केला तर त्रिकोणाची टोकं गोल होतात, कमी केला तर वर्तुळ ओबडधोबड येतं.

मराठी अक्षरांना काय होतं?

ऑनलाइन साधनांची बरीच मार्गदर्शनं इंग्रजी अक्षरं समोर ठेवून लिहिलेली असतात. देवनागरीत चार ठिकाणी हमखास गडबड होते.

अनुस्वार म्हणजे साधनाच्या नजरेत एक बारीक डाग. डाग काढायचा पर्याय जास्त असेल तर ‘डाळिंब’चं ‘डाळिब’ होतं आणि ‘आंबा’चा ‘आबा’. दुसरं, शिरोरेखेतली फट. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला मोठा फरक त्या फटीत आहे. चित्र पुसट असेल तर फट बुजते आणि ‘धन’चं ‘घन’ होतं. तिसरं, ‘ब’ आणि ‘ष’च्या पोटातली तिरकी रेष. ती विरली की ‘ब’चा ‘व’ आणि ‘ष’चा ‘प’. चौथं, रफार आणि जोडाक्षरं एकमेकांत मिसळून गोळा होतो.

यावर खात्रीचा उपाय एकच. चिन्ह ट्रेस करा, अक्षरं नव्याने टाइप करा. मुक्ता, बलू, मोदक, तिरो देवनागरी मराठी असे चांगले युनिकोड फॉन्ट फुकट मिळतात आणि व्यावसायिक कामातही चालतात. जुन्या फॉन्टच्या जवळचा निवडा. नाव टाइप केल्यावर त्याचे आकार करून घ्या. इंकस्केपमध्ये ‘ऑब्जेक्ट टू पाथ’, कोरलमध्ये ‘कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज’. असं केलं नाही आणि प्रेसच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला, तर अक्षरं बदलतात किंवा वेलांट्या भलतीकडे जातात.

आकार केल्यावर मजकूर बदलता येत नाही, म्हणून त्याआधीची एक प्रत वेगळी जपा. अक्षरं हाताने काढलेली असतील आणि कोणत्याच फॉन्टमध्ये सापडणार नसतील, तर ती वेगळी मोठी स्कॅन करून फक्त काळ्या-पांढऱ्यात ट्रेस करा आणि एकेक अक्षर डोळ्याखालून घाला.

फाइल खरी आहे की नुसतं नाव एसव्हीजी?

काही साइट आणि ॲप तुमची पीएनजी तशीच उचलून एसव्हीजीच्या पाकिटात घालून देतात. नाव एसव्हीजी, आत तोच फोटो. ओळखायचं कसं?

फाइल ब्राउझरमध्ये उघडा आणि खूप झूम करा. चौकोन दिसले तर फसवणूक. दुसरी खूण, फाइल नोटपॅडमध्ये उघडा. इंग्रजीत ‘पाथ’ हा शब्द पुन्हा पुन्हा दिसला तर आत रेषा आहेत. ‘इमेज’ आणि ‘बेस६४’ हे शब्द आणि त्यापुढे अक्षरांचा न संपणारा ढीग दिसला तर आत फोटो आहे. डिझाइन ॲपमध्ये जेपीजी टाकून तिथून एसव्हीजी डाउनलोड केल्यावरही बऱ्याचदा हेच होतं.

खरी असेल तरी इंकस्केपमध्ये लोगोवर क्लिक करून बिंदू बघा. साध्या वर्तुळाला चार बिंदू पुरतात. तिथे शंभर दिसले तर प्लॉटरची सुरी अडखळत चालेल. पाथ मेन्यूतला ‘सिम्प्लिफाय’ एक-दोनदा वापरा, किंवा वर्तुळ पुसून नवं वर्तुळच काढा. तेच जास्त सोपं.

काय ट्रेस करू नये?

फोटो. साल्हेर किल्ल्यावर धुकं उतरलेला फोटो एसव्हीजी करायला गेलात तर हजारो आकारांची फाइल तयार होईल, मूळ फोटोपेक्षा जड आणि दिसायला वाईट. धुक्याला हद्दच नसते, मग रेष कुठे ओढणार? त्याच साल्हेरची आकाशाला टेकलेली काळी बाह्यरेषा मात्र उत्तम व्हेक्टर होते. गिर्यारोहण गटाच्या टी-शर्टवर तीच शोभते.

जमिनीचा नकाशा. भूमी अभिलेख विभागाच्या जुन्या कागदी नकाशांचं डिजिटायझेशन होऊन महाभूनकाशा या साइटवर गाव निवडून गट बघता येतात. ते कामही कागदावरून रेषा तयार करण्याचंच, पण तिथे प्रमाण आणि स्थान सांभाळावं लागतं. ऑनलाइन साधन नकाशाची रेष देईल, तिचं माप देणार नाही. बांधाचा वाद असेल तर अशा रेषेला किंमत नाही, त्यासाठी सरकारी मोजणीच हवी.

सही, शिक्का आणि ओळखपत्र. सहीचं एसव्हीजी म्हणजे कोणत्याही आकारात, कोणत्याही कागदावर छापता किंवा कोरता येणारी सही. ती अनोळखी साइटवर अपलोड करणं म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून चौकात ठेवण्यासारखं आहे.

दुसऱ्याचं चिन्ह. ट्रेस केल्याने चित्र आपलं होत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ आणि ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ दोन्ही लागू राहतात. एफएसएसएआय किंवा आयएसआय चिन्ह लागत असेल तर आधी परवाना आणि मग अधिकृत फाइल, फोटोवरून काढलेलं चिन्ह नको. आणखी एक. १९५०च्या बोधचिन्हे व नावे यांच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या यादीत राष्ट्रध्वजाबरोबर छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्रही आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय त्यांचा व्यापारी वापर करता येत नाही. खोक्यावर महाराजांचं चित्र टाकण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

रंग बदलून का छापला जातो?

एसव्हीजीतले रंग पडद्यासाठीचे असतात, म्हणजे लाल, हिरवा, निळा या प्रकाशातून तयार होणारे. छपाई होते चार शाईंत. पडद्यावरचा झगझगीत डाळिंबी रंग खोक्यावर थोडा मंद दिसणार, यात प्रेसवाल्याची चूक नसते. पहिल्या छपाईच्या वेळी रंग पसंत करून त्याचे शाईतले आकडे प्रेसकडून लिहून घ्या. पुढच्या प्रत्येक वेळी तेच आकडे द्या, म्हणजे प्रेस बदलली तरी पान पोपटी होणार नाही.

शेवटी हातात काय असायला हवं?

एक फोल्डर करा आणि त्यात हे ठेवा. लोगोची मूळ एसव्हीजी, ज्यात मजकूर अजून टाइप स्वरूपात आहे. दुसरी एसव्हीजी, ज्यात अक्षरांचे आकार केलेत. तिच्यावरूनच काढलेली पीडीएफ, कारण काही प्रेस तीच मागतात. पांढऱ्या पार्श्वभूमीविना एक मोठी पीएनजी, मोबाइलवर वापरायला. एकरंगी काळी आवृत्ती, शिक्क्यासाठी आणि गोणीसाठी. आणि एका कागदावर फॉन्टचं नाव व रंगांचे आकडे.

हे फोल्डर स्वतःच्या ईमेलवर ठेवा आणि घरातल्या किंवा गटातल्या आणखी एकाकडे द्या. पुढच्या वेळी नवा लोगो डिझायनरकडून करून घ्याल तेव्हा पैसे देण्याआधी याच सगळ्या फाइल मागून घ्या. काम सांगतानाच तसं ठरवलं तर कोणी नाही म्हणत नाही, पाच वर्षांनी मागितलं तर कोणाकडे सापडत नाही.